ओठामागचं बटन

माझी जीभ माझ्या तोंडात मावत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. जन्मतःच मोठी आहे म्हणायचे, जड आहे म्हणायचे. मी तोंड उघडलं की 'स' आणि 'श'च्या वेळी जीभ दातांमधून बाहेर डोकवायची आणि नुसती फुसकी हवा निघायची. त्यात माझं नाव सुजाता, म्हणजे कुणी नाव विचारलं की पहिल्याच अक्षराला माझी गाडी अडकायची. तोंड सदा उघडं, खालचा ओठ लोंबता, हनुवटी ओली. शाळेत जायला लागले तरी आई फ्रॉकच्या पुढे जुन्या धोतराचं फडकं टाचणीने लावून द्यायची. मला त्या फडक्याचा असा संताप यायचा की वर्गात शिरायच्या आधी मी ते काढून दप्तरात कोंबायचे, आणि मग फ्रॉक भिजायचा, आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खायचे. लहान मुलांना राग कमी येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी लाळेचं फडकं लावून बाकावर बसून पाहावं.

आमचं घर मूल गावात, एका राइस मिलच्या मागच्या भिंतीला चिकटून. बाबा त्या मिलमध्ये मिस्त्री होते. धानाचा हंगाम आला की बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, आत मशीन सुरू व्हायची आणि आमची भिंत थरथरायची. मडक्यांवरची झाकणं आपोआप वाजायची. कोंड्याची बारीक धूळ अंथरुणावर, भातावर, माणसांच्या भुवयांवर बसायची. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून आमच्या घरात प्रेमाचं बोलणंही भांडल्यासारखं व्हायचं. आणि बाबांचे कान तर मिलने केव्हाच खाऊन टाकले होते. माझं अर्धमुर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मी काही म्हटलं की ते माझ्याकडे न बघता आईकडे बघायचे आणि विचारायचे, "काय म्हणून राह्यली व हे?" आई तिच्या अंदाजाने काहीतरी सांगायची. हळूहळू असं झालं की मी बोलायच्या आधीच ती सांगायला लागली. तिचं चुकलं की मोठी आई दुरुस्त करायची. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्या खोलीत राहायची, आणि माझ्याविषयी तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं. पाहुण्याने मला कितवीत आहेस असं विचारलं तर दोन्हीकडून दोन उत्तरं यायची आणि मी मधात तोंड उघडं ठेवून बसलेली. आजही कुणी माझं वाक्य पुरं करायला गेलं की माझ्या कपाळाची शीर उडते. माझ्या नवऱ्याला हे लग्नानंतर लवकरच कळलं.

खाण्याची तर वेगळीच रड होती. आमच्या भागात भात, आणि भाताबरोबर तलावातले मासे. मासे शिजले की मोहल्लाभर वास. सगळे काटे काढत, बोटं चोखत जेवायचे आणि मला मात्र गिल्ला, म्हणजे ओला मऊ भात, त्यावर नुसता रस्सा, तोही आईने हाताने कालवून लापशी केलेला. मला चावता यायचं नाही असं नव्हतं, चावलेलं गिळताना घोटाळा व्हायचा. लोकांची जीभ घास मागे ढकलते, माझी पुढे ढकलायची. लहानपणी एकदा लाखोळीच्या डाळीचा वडा माझ्या घशात अडकला होता आणि माझे डोळे पांढरे झाले होते म्हणे. त्या दिवसापासून आईने माझ्या ताटातून कडक म्हणून जे काही असेल ते हद्दपार केलं. मी वाटीतला भात नुसता ओढायचे आणि समोर माझा चुलतभाऊ कटाकट हरभरे फोडायचा. मी त्याच्याकडे बघायचे नाही, त्याच्या जबड्याकडे बघायचे.

आमच्याकडे यावर काहीच उपाय झाला नाही असं नव्हे. वेखंड उगाळून जिभेवर घासून झालं, मधाने माखून झालं. मोठी आईने एकदा दबक्या आवाजात सांगितलं की पलीकडे जंगलातल्या एका गावात भगत आहे, तो दोरा मंतरून देतो, तिच्या माहेरच्या एका मुक्या पोराला त्याने बोलतं केलं. दबका आवाज बाबांना कधीच ऐकू येत नसे, पण हे कसं कोण जाणे ऐकू आलं. बाबा जेवता जेवता उठले. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, गंडे, सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं होतं, आणि बाबांनी लहानपणी ती टोपली डोक्यावर वाहिली होती. "दोरा?" ते मोठी आईवर ओरडले. "माह्या पोरीच्या गळ्यात दोरा? वहिनी, आपन ते सारं सोडलं. दवाखान्यात नेईन मी तिले, भगताकडे नाई." त्या दिवशी मला बाबांचा फार अभिमान वाटला. पुढे जे झालं ते याच अभिमानाच्या पोटातून झालं, हे मला खूप उशिरा उमगलं.

गडचिरोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांना ओल्या चुन्याचा वास यायचा, रस्त्याने पोलिसांच्या गाड्या धावायच्या, आणि तिथल्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा दातांच्या डॉक्टर मॅडम यायच्या. एस.टी.ने सावली, मग वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. मला गाडी लागायची, तरी मी खिडकी सोडायचे नाही. मॅडम तरुण होत्या, केस कापलेले, आणि पहिल्या भेटीतच त्यांनी एक अजब काम केलं. त्यांनी नाव विचारलं, आईने तोंड उघडलं, आणि मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." आई बाहेर. बाबा आत बसले, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं, म्हणजे तेही बाहेरच. मी माझं नाव सांगितलं. फुसकं निघालं. मॅडम हसल्या नाहीत, मान वाकडी करून त्यांनी माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "तुझी जीभ अजिबात मोठी नाही. आळशी आहे. तिला तिचं घर माहीत नाही." मग लाकडी पट्टीने वरच्या दातांच्या मागचा खडबडीत भाग दाखवला. जिभेचं टोक इथे राहायला हवं, बोलत नसू तेव्हा, झोपलो असू तेव्हा, आणि गिळताना तर नक्कीच. ओठ मिटलेले, श्वास नाकाने. तोंडाचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखेच असतात, त्यांना कसरत दिली की ते वळण घेतात. इतकी साधी गोष्ट आणि इतकी वर्षं वेखंड चाटवत होते मला!

कसरती मला आवडल्या. जीभ टाळूला चिकटवून सोडायची, टॉक आवाज काढायचा. मी मिलच्या कुंपणाशी बसून तो काढायला लागले आणि रांगेत उभे असलेले बैल चालायला लागले. त्यांना तोच इशारा. एका गाडीवाल्याची पोती घसरली आणि तो मला मारायला धावला. पाण्याचा घोट तोंडात धरायचा, दाढा मिटायच्या, जीभ वर, मग ओठ न आवळता गिळायचं. ही सगळ्यात अवघड. पाणी हनुवटीवरून थेट फ्रॉकमध्ये जायचं.

पण आमच्या घराला डॉक्टरचा शब्द म्हणजे काय, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. देवधर्म, अंगारा, नवस, सगळं सोडलेल्या माणसाची सगळी श्रद्धा मग दवाखान्याकडे वळते, आणि ती काही कमी कडक नसते. बोलत नसेल तेव्हा ओठ बंद ठेवायचे, असं मॅडमनी निघताना आईलाही सांगितलं होतं. बाबांपर्यंत आईच्या तोंडून त्यातलं 'ओठ बंद ठेवायचे' एवढंच पोचलं. झालं! मी बोलायला तोंड उघडलं की बाबा ओरडायचे, "ओठ!" मी दचकून मिटायचे. मग आई, मग मोठी आई, मग चुलतभाऊ, मग शेजारपाजारचे, नळावरच्या बाया. रस्त्याने जाताना "काय व सुजाता" ऐवजी "ओठ!" अशी हाक यायला लागली. बोलता यावं म्हणून उपचार सुरू केले आणि महिनाभर घराने मला बोलूच दिलं नाही. मी रडले, तर रडतानाही तोंड उघडतं म्हणून ओरडा खाल्ला. पुढच्या भेटीत मॅडमनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. बाबा मात्र खूश होते, कारण एकही दिवस खाडा झाला नव्हता.

त्याच भेटीत मॅडमनी बटन दिलं, म्हणजे बटन वापरायला सांगितलं. चपटं, मोठं, दोऱ्यात ओवलेलं. ते ओठांच्या मागे, दातांच्या पुढे ठेवायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि दुसऱ्याने दोरा ओढायचा. बटन बाहेर येऊ द्यायचं नाही. आईने तिच्या जुन्या पोलक्याचं बटन काढलं. पण तिला त्या वड्याची आठवण. बटन घशात गेलं तर? म्हणून तिने दोरा लांब ठेवला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या गळ्यात बांधून टाकलं, कायमचं. साधा दोरा तुटेल म्हणून करदोड्याचा काळा, जाड दोरा आणला. बटन फ्रॉकच्या आत लोंबायचं. मला ते टोचायचं, पण मी सांगणार कुणाला? "ओठ!" म्हणायचे.

तरी सांगते, बटनाने काम केलं. मोठी आई सुरुवातीला अलगद ओढायची, मग जोर लावायला लागली, मग चुलतभाऊ पाय रोवून ओढायला लागला आणि बटन सुटेना. माझी हनुवटी कोरडी राहायला लागली. फडकं गेलं. एका सकाळी मी आरशात बघितलं तर ओठ मिटलेले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. मॅडमनी पाहिलं आणि माझी पाठ थोपटली, पण लगेच बोट वर केलं. "ओठ झाले. आता जीभ. खरं काम तेच आहे. गिळताना ती अजून पुढे येते, म्हणून अक्षरंही बिघडतात. आणखी काही महिने यायचं, चुकवायचं नाही. अर्ध्यात सोडलंत तर पुढे कठीण जाईल." मग मला एकटीला म्हणाल्या, "मासे खायचेत ना?" मी मान हलवली. मला तेव्हा जगात दुसरं काही नको होतं. मासे, माझं नाव, आणि मधात कुणी नसणं.

पौर्णिमेची वंदना होती. विहारात आम्ही मुली पुढे बसायचो. मी ओठ हलवायचे, आवाज काढायचे नाही. 'बुद्धं सरणं'मधला तो 'स' सगळ्यांसमोर कोण काढणार! वंदना संपली, लोक उठायला लागले, तेवढ्यात डोमाजीभाऊ उभे राहिले. डोमाजीभाऊ विहाराच्या कमिटीचे जुने माणूस, सरळ, तापट, कुणाच्या घरात चोरून पूजा झाली तर भरसभेत नाव घेणारे. मी वाकून नमस्कार करताना माझ्या मानेवरचा दोरा त्यांना दिसला होता.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मिस्त्रीभाऊ, तुमच्या पोरीच्या गळ्यात काय हाय?"

बाबांना ऐकू आलं नाही. ते हसून मान हलवत राहिले. आई घाईघाईने म्हणाली, "दोरा हाय जी."

"काळा दोरा?"

"हो जी. काळाच. तिच्या बोलण्यासाठी बांधला."

माझ्या आईसारखी खरी बोलणारी बाई मी पाहिली नाही, आणि त्या क्षणी तिच्या खरेपणाचा मला जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. विहारात एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, भगताकडचा असेल. कुणीतरी मोठी आईकडे बघितलं, आणि ती बापडी काही कारण नसताना लाजली. ती लाजली म्हणून सगळ्यांची खात्री पटली. शेवटी कुणीतरी बाबांच्या कानात ओरडून सांगितलं, "गंडा! पोरीले गंडा बांधला म्हणून राह्यले!"

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. वडिलांच्या देवांची टोपली नदीपर्यंत वाहणारा तो माणूस. ते माझ्याकडे आले, दोऱ्यात बोट घातलं आणि हिसका मारला. करदोड्याचा दोरा तो, तुटतोय थोडाच, माझी मान कापली. दुसऱ्या हिसक्याला तुटला. "बंद!" ते ओरडले. "आजपासून सारं बंद. गडचिरोली बी बंद. लोकं मले भगताचा म्हणून राह्यले!"

आई बोलायला लागली, मोठी आई बोलायला लागली, दोघी एकदम, माझ्याविषयी, माझ्या वतीने, आणि सगळं उलटसुलट. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी आईचा हात झटकला आणि मिलच्या आवाजावर ओरडतात तशी ओरडले, "मी बोलते!"

मी खाली पडलेलं बटन उचललं आणि डोमाजीभाऊंच्या समोर उभी राहिले.

"भाऊ, हा गंडा नाई. हे बटन हाय. आईच्या जुन्या पोलक्याचं. हे ओठामागं धरावं लागते. दवाखान्यातल्या मॅडमनं दिलेलं काम हाय. तुमी दोरा ओढा. बटन बाहेर आलं त मी हरली."

बटन ओठांमागे ठेवलं आणि दोऱ्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. डोमाजीभाऊ गोंधळले. इकडेतिकडे बघत त्यांनी हलकेच ओढलं. मग जरा जोराने. मग दोरा बोटाला गुंडाळून. मी पुढे खेचली गेले, माझे पाय घसरले, बटन आलं नाही. मागून पोरं ओरडायला लागली. डोमाजीभाऊंनी दोरा सोडला आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीखाली हसू आलं. मी बटन काढलं, आणि आता खरं सांगायचं होतं ते बाबांकडे वळून, त्यांच्या कानाशी, जीव तोडून सांगितलं.

"बाबा, ओठ बंद राहून राह्यले, पण जीभ अजून मधात येते. गिळता येत नाई बरोबर. काम अर्धं झालं हाय. मले गडचिरोलीले जाऊ द्या. मॅडमकडे जाऊ द्या."

या सगळ्या बोलण्यात मी एकही 'स' येऊ दिला नव्हता, एकही 'श' नाही. ती युक्ती मला फार लहानपणापासून अवगत होती. अडणारे शब्द लांबूनच दिसायचे आणि मी वाट बदलायचे. पण हे विहारात कुणाला माहीत असणार? बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं बोलणं आईला न विचारता ऐकलं होतं. डोमाजीभाऊंनी हात वर करून लोकांना सांगितलं, "अरे, हे त साफ बोलते! कोन म्हनते इले बोलता येत नाई?" टाळ्या वाजल्या. बायांनी माझ्या तोंडावरून हात फिरवले. डोमाजीभाऊंनी बाबांचा हात धरून माफी मागितली आणि वर म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, तुमची दवा लागू पडली. पोरगी दुरुस्त झाली." बाबांनी ते बरोबर ऐकलं.

मी सांगत होते, नाही, नाही, अजून नाही. टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू येणार होतं! घरी जाताना सांगितलं, जेवताना सांगितलं, रडून सांगितलं. मी जितकं सांगावं तितका बाबांचा चेहरा खुलायचा. आईने मोहल्लाभर साखर वाटली आणि मला पुन्हा गिल्ला भात वाढला. आज माझी नातवंडं मला विचारतात, आजी, तू घासाघासाला पाणी का पितेस? बाहेर कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं तर मी पोट बिघडल्याचं सांगते. मासे मी खाते, भिंतीकडे तोंड करून, एकटी. मोठेपणी एका डॉक्टरने तपासून हेच सांगितलं की लहानपणी थोडे महिने आणखी केलं असतं तर निभावलं असतं. मी त्याला हो म्हटलं. काय सांगणार त्याला?

पुढच्या महिन्यात मॅडमचा दिवस आला. मी पहाटेच उठले, डोक्याला तेल लावलं, निळा फ्रॉक घातला, पिशवीत बटन टाकलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. गाडीची वेळ होत आली होती. बाबा मिलवर निघाले, डोक्याला फडकं बांधत बाहेर आले आणि मला बघून थांबले.

"कुठी चालली व?"

"गडचिरोलीले," मी म्हटलं. मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून, त्यांना कळावं म्हणून.

बाबांचा चेहरा आनंदाने फुलला. त्यांनी दारातून आत हाक मारली, "ऐकलं काय व? गडचिरोलीले म्हनते! कसं साफ म्हनते पाह्य!" माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी केस विसकटले आणि ते मिलकडे निघून गेले.